रिअ‍ॅलिटी शोमधील स्पर्धा : निकाल ठरलेला असतो की फक्त गोष्ट?

तापीथडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी चोपड्याला गाण्याचे वर्ग चालवतो. माझ्याकडे शिकणारी अकरा वर्षांची एक मुलगी एका मराठी वाहिनीच्या गायनस्पर्धेसाठी जळगावला झालेल्या पहिल्या चाचणीत निवडली गेली असून पुढच्या फेरीसाठी तिला मुंबईला बोलावले आहे. मुलीला गळा आहे आणि तालाचे अंगही आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद घरात सुरू झाला आहे तो वेगळाच. तिचे आजोबा म्हणतात की ही सगळी नुरा कुस्ती असते, जोड आधीच ठरलेली असते आणि आपण उगाच पोरीला तोंडघशी पाडायला नेतो आहोत. आईचे म्हणणे असे की इतक्या लोकांसमोर, इतक्या कॅमेऱ्यांसमोर कोणी खोटे कसे करेल? दोघेही माझ्याकडे पाहतात आणि मी या क्षेत्रातला नसल्यामुळे मला ठामपणे काही सांगता येत नाही.

'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'चे 2008-09 चे पर्व आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. अंतिम फेरीत कार्तिकी गायकवाड विजेती ठरली तेव्हा आमच्याकडे पालकांमध्ये दोन तट पडले होते आणि 'आर्यालाच मिळायला हवे होते', 'नाही, प्रथमेशला' हा वाद पुढे बराच काळ चालला होता. नावडता निकाल लागला की तो ठरवलेला होता असे म्हणणे सोपे असते, हे मला कळते. म्हणूनच ऐकीव गोष्टींपेक्षा ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी लिहावे अशी विनंती आहे.

केळीचा घड

सर, आजोबांचेच ऐका. मतांचे आकडे आजवर कोणी दाखवले आहेत का? ज्या निवडणुकीत उमेदवारांना पडलेली मते जाहीर होत नाहीत, तिला आपण निवडणूक म्हणू का? सारे काही टीआरपीसाठी चालते आणि ज्याच्यामुळे टीआरपी मिळतो तोच शेवटपर्यंत टिकतो.

अंजनीकाठ

सर, मी काही वर्षे गोरेगावला संकलन विभागात काम केले आहे आणि आता एरंडोलला परत आलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. कोणत्याही वाहिनीचे किंवा कार्यक्रमाचे नाव घेणार नाही.

विजेता पहिल्या दिवशीच ठरलेला असतो, असे मी कुठेही पाहिले नाही. तशी गरजही पडत नाही, कारण निर्मात्यांच्या हातात जे असते ते निकालाच्या कितीतरी आधीचे असते. प्रेक्षकांना वाटते की हजारो मुले रांगेत उभी राहतात आणि एकामागून एक थेट नामांकित परीक्षकांसमोर जाऊन गातात. प्रत्यक्षात परीक्षकांच्या खुर्चीपर्यंत पोहोचण्यापूर्वी उमेदवार दोन-तीन फेऱ्यांतून गेलेला असतो आणि त्या फेऱ्या क्रिएटिव्ह टीम (कार्यक्रमाची गोष्ट रचणारे लोक), संगीत विभागातील साहाय्यक आणि कधीकधी वाहिनीचे अधिकारी घेतात. रांगेची दृश्ये वेगळी चित्रित होतात. परीक्षकांसमोर जे अतिशय वाईट गाणारे येतात, ते चुकून आलेले नसतात. त्यांनाही कोणीतरी 'हा चालेल' म्हणूनच पुढे पाठवलेले असते. इतक्या चाळण्या लावल्यावर जे बारा-पंधरा जण उरतात, त्यांत गळ्याइतकाच विचार चेहऱ्याचा, गावाचा, घरच्या परिस्थितीचा आणि बोलण्याचा झालेला असतो. एक पुण्याचा शास्त्रीय बैठकीचा, एक कोकणातला, एक विदर्भातला, एक घरात गाण्याचा गंधही नसलेला, एक आजीने वाढवलेला, अशी मांडणी सुरुवातीलाच होते. या सगळ्यांना गाता येते, पण केवळ गाता येते म्हणून ते तिथे नसतात.

नंतरची पायरी संकलनाची. एका दिवसात आठ-दहा कॅमेऱ्यांवर जे चित्रण होते त्यातून तासाभराचा भाग काढायचा असतो. 'बिग बॉस'सारख्या घरात तर चोवीस तास कॅमेरे चालू असतात आणि रात्री आपण पाहतो तो त्यातला अगदी थोडा अंश असतो. त्यामुळे खोटे काही चित्रित न करताही माणसाचा स्वभाव बदलून दाखवता येतो. परीक्षकाचे कपाळावर आठ्या पडलेले दृश्य दुसऱ्याच कोणाच्या गाण्याच्या वेळचे असू शकते. त्याला आम्ही रिअ‍ॅक्शन शॉट म्हणतो आणि असे शॉट वेगळे काढून ठेवलेले असतात. बाईट, म्हणजे स्पर्धकाचे कॅमेऱ्यासमोरचे छोटेसे बोलणे, घेताना विचारलेला प्रश्न कापला जातो आणि उत्तर तेवढे राहते. 'तुझी अमुकबरोबर स्पर्धा आहे असे लोक म्हणतात, तुला काय वाटते?' या प्रश्नावर मुलगा साधेपणाने म्हणतो, 'हो, ती चांगली गाते, पण मीही कमी नाही.' प्रश्न गेला, पहिले अर्धे वाक्य गेले, आणि उरले ते 'मीही कमी नाही'. त्यामागे तबल्याचा एक ठोका टाकला की भांडण तयार झाले. वेगवेगळ्या वेळी बोललेले शब्द जोडून एक वाक्य बनवण्याचा प्रकारही आहे आणि अमेरिकेत त्याला फ्रँकनबाईट असे नाव पडलेले आहे. तिकडे 2006 मध्ये 'अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल' या कार्यक्रमातील कथानक रचणारे कर्मचारी आम्हाला लेखक म्हणून मान्यता द्या या मागणीसाठी संपावर गेले होते. ज्या कार्यक्रमाला संहिता नसते असे सांगितले जाते, त्याच्या लेखकांनी संप करावा, यातच सगळे आले.

भुसावळ जंक्शन

अंजनीकाठ भाऊंनी लिहिले ते अगदी असेच घडते, हे मी माझ्या भाच्यावरून सांगतो. तो रावेरचा. एका स्पर्धेत शेवटच्या काही जणांत पोहोचला होता. त्याची ओळख करून देणारी चित्रफीत, ज्याला ते लोक एव्ही म्हणतात, ती घ्यायला पथक गावी आले. त्याच्या घरी दुमजली बंगला, दारात चारचाकी आणि वडिलांचा केळी बाहेर पाठवण्याचा चांगला धंदा. पथकाने बंगल्याकडे पाहिले आणि तोंडे पाडली. मग त्याला बागेत नेऊन पायातले बूट काढायला लावले आणि पाण्याच्या दांडातून अनवाणी चालवत, खांद्यावर केळीचा घड देऊन गायला लावले. पोराने आयुष्यात घड उचललेला नव्हता. चिकाचे डाग शर्टावर पडले म्हणून त्याची आई पथकावर चिडली, तर तोच शर्ट पुढच्या शॉटलाही हवा असे तिला सांगण्यात आले. 'घरात अहिराणी बोलता ना, मग तशीच बोला' असेही फर्मान निघाले. आजीला ते जमले, भाच्याला जमेना, कारण तो शिकला पुण्याला.

पण एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तो ज्या भागात बाहेर पडला, त्या दिवशी त्याचे गाणे खरोखरच बसले नव्हते. अंतऱ्यात तो सुरावरून घसरला आणि ते त्यालाही माहीत होते. त्याचे बाहेर पडणे आम्हाला कोणालाच अन्यायाचे वाटले नाही. निरोपाचा प्रसंग मात्र दोनदा चित्रित झाला, कारण पहिल्या वेळी तो रडला नाही.

कळण्याची भाकरी

मुंबईत असताना मी अशा एका कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून बसले होते. प्रेक्षक पुरवणारे कोऑर्डिनेटर असतात, ते लोक माणसे गोळा करतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना दिवसाचे पैसे मिळतात. गाणे सुरू होण्याआधीच आमच्याकडून टाळ्या, उभे राहून टाळ्या, डोळे पुसणे आणि आश्चर्याने शेजारच्याकडे पाहणे, असे सगळे ओळीने करून घेतले. एसी इतका थंड होता की डोळे पुसणाऱ्या काकूंना खरोखरच सर्दी झाली होती.

परीक्षकांच्या कौतुकाबद्दलही लिहायला हवे. 2021 मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या बाराव्या पर्वात किशोरकुमार यांच्या गाण्यांचा विशेष भाग झाला आणि त्यात पाहुणे म्हणून आलेल्या अमितकुमार यांनी नंतर मुलाखतीत उघड सांगितले की सर्वांचे कौतुक करा असे आपल्याला सांगण्यात आले होते. त्यावर बराच गदारोळ झाला. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ब्रिटनच्या 'एक्स फॅक्टर'मध्ये 2010 साली स्पर्धकांच्या आवाजावर ऑटोट्यून, म्हणजे सूर दुरुस्त करणारे तंत्र, वापरल्याचे उघड झाले आणि ध्वनीवर नंतर प्रक्रिया केल्याचे कार्यक्रमाला मान्य करावे लागले. आपल्याकडेही प्रक्षेपणाआधी आवाज दुरुस्त होत असेल, तर घरी बसून मत देणारा माणूस नेमक्या कोणत्या गाण्याला मत देतो?

अंजनीकाठ

ताई, तुमचा प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा आहे. सेटवर परीक्षक जे ऐकतात ते बहुतेक वेळा कच्चे गाणे असते, म्हणजे त्यात श्वास चुकलेला, सूर लागायला क्षणभर उशीर झालेला, सारे काही असते. प्रक्षेपणापूर्वी ध्वनिमिश्रण होते आणि त्या टप्प्यावर किरकोळ दुरुस्ती करणे तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही. काही ठिकाणी मोठ्या सोहळ्याच्या भागातील गाणी आधी ध्वनिमुद्रित केलेली असतात, कारण नाचत, उड्या मारत, धुराच्या लोटांत उभे राहून गाता येत नाही. घरच्या लोकांना 'परीक्षकांनी कमी गुण दिले, हा तर इतका छान गायला' असे वाटते, त्याचे एक कारण हेही असते की दोघांनी दोन वेगवेगळी गाणी ऐकलेली असतात. दुसरा घोळ वेळेचा. बरेच भाग आधी चित्रित होतात, तेव्हा मतदान कोणत्या भागावर आणि किती वेळासाठी आहे हे प्रत्येक कार्यक्रमाच्या नियमांत बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि ते सहसा कोणी वाचत नाही.

वकीलसाहेब धुळे

मतदानाच्या मुद्द्यावर केळीचा घड यांचे म्हणणे निराधार नाही, परंतु ते अर्धे आहे. आकडे जाहीर करणारेही आहेत. 'अमेरिकन आयडॉल'च्या 2003 च्या अंतिम फेरीत सुमारे 2 कोटी 40 लाख मते पडली आणि रूबेन स्टडर्ड व क्ले एकेन यांच्यातील फरक सुमारे 1 लाख 34 हजारांचा होता, हे तेव्हाच सांगण्यात आले. आपल्याकडे तशी प्रथा रुजलेली नाही.

निकालच ठरवून टाकल्याचे इतिहासातले ठळक उदाहरण गाण्याचे नाही, प्रश्नमंजूषेचे आहे. अमेरिकेत 1950 च्या दशकात 'ट्वेंटी वन' नावाचा कार्यक्रम होता. हर्ब स्टेम्पल नावाचा स्पर्धक आठवड्यामागून आठवडा जिंकत होता, पण त्याच्यामुळे लोकप्रियता वाढेना, म्हणून 1956 मध्ये निर्मात्यांनी त्याला हरायला सांगितले आणि त्याच्या जागी चार्ल्स व्हॅन डोरेन हा देखणा, सुसंस्कृत घराण्यातला प्राध्यापक आणला. स्टेम्पलला जो प्रश्न चुकवायला सांगितला त्याचे उत्तर 'मार्टी' हा चित्रपट होता, जो त्याचा स्वतःचा आवडता होता. पुढे चौकशी झाली, 1959 मध्ये व्हॅन डोरेनने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे आपल्याला उत्तरे आधी मिळत होती हे कबूल केले आणि 1960 मध्ये अशी लबाडी हा गुन्हा ठरवणारी दुरुस्ती कायद्यात झाली. म्हणून तिकडचे निर्माते निकालाला हात लावायला घाबरतात आणि बाकीच्या सगळ्या गोष्टींवर मनसोक्त हात फिरवतात.

आपल्याकडे असा खास कायदा नसला तरी ग्राहक कायद्याचा आधार आहे. बक्षीस योजनेचा अंतिम निकाल सहभागी झालेल्यांपासून दडवून ठेवणे ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. यासंबंधीचे गाजलेले प्रकरण 2007 च्या 'कौन बनेगा करोडपती'चे आहे, ज्या पर्वाचे सूत्रसंचालन शाहरुख खान यांनी केले होते. त्यात घरबसल्या एसएमएसने उत्तर पाठवणाऱ्या प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' ही वेगळी स्पर्धा होती आणि एका एसएमएसला 2 रुपये 40 पैसे पडत. बक्षिसाचा खर्च याच पैशांतून निघतो आणि तरीही ते मोफत असल्याचा आभास निर्माण केला जातो, अशी तक्रार एका ग्राहक संस्थेने केली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 1 कोटी रुपयांचा दंडात्मक भुर्दंड लावला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 2019 मध्ये तो आदेश रद्द केला, कारण बक्षिसाची रक्कम एसएमएसच्या उत्पन्नातूनच दिली गेली हे सिद्ध करणारा पुरावा नव्हता. संशय घेणे आणि तो सिद्ध करणे यांत किती अंतर असते, ते यावरून दिसते.

केळीचा घड

वकीलसाहेब, म्हणजे पुरावा नाही म्हणून सगळे स्वच्छ, असेच ना?

भुसावळ जंक्शन

तसे ते म्हणालेले नाहीत, भाऊ. आणि तुमच्या सिद्धान्तात एक अडचण आहे. निर्मात्यांना हवा तोच जिंकतो असे म्हणायचे, तर 2007 च्या 'इंडियन आयडॉल'चे काय? दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलीस दलातला शिपाई, शिलाँगच्या अमित पॉलला हरवून विजेता झाला, तो पहाडी भागातल्या लोकांनी वर्गण्या काढून, दुकानांत बसून, रात्रंदिवस एसएमएस पाठवले म्हणून. त्याच्यावर एका रेडिओ निवेदकाने केलेल्या शेऱ्यावरून सिलीगुडीत दंगल उसळली आणि संचारबंदी लागली. तिथे मतदान खोटे नव्हते, उलट जरुरीपेक्षा जास्त खरे होते. गाण्याच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध किती, हा वेगळा प्रश्न. आपला माणूस म्हणून मत देण्यात आपण खान्देशी तरी कुठे मागे आहोत? भाचा स्पर्धेत होता तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर 'गाणे ऐकले का?' असे एकानेही विचारले नाही, सगळ्यांनी फक्त 'मत टाकले का?' असे विचारले.

कळण्याची भाकरी

माझ्या मते ज्ञानाच्या आणि कलेच्या स्पर्धा एकाच मापाने मोजू नयेत. 'कौन बनेगा करोडपती'त 2000 मध्ये हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले आणि 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे 1 कोटीपर्यंत पोहोचल्या. शाळेत खिचडी शिजवणारी स्त्री ही गोष्ट कार्यक्रमाला हवीहवीशी होती, त्यात शंका नाही. तिची एव्ही पाहून आपण सगळ्यांनी डोळे पुसले. परंतु प्रश्नांची उत्तरे तिचीच होती. गोष्ट निवडलेली आणि कर्तृत्व खरे, हे दोन्ही एका वेळी असू शकते. शिवाय फसवणूक नेहमी निर्मातेच करतात असेही नाही. 'करोडपती' ज्यावरून आले त्या ब्रिटनच्या 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?' या कार्यक्रमात 2001 साली चार्ल्स इन्ग्राम या लष्करी अधिकाऱ्याने साथीदाराच्या खोकल्याच्या खुणांवर 10 लाख पौंड जिंकले आणि 2003 मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. तिथे फसवणूक झाली होती ती कार्यक्रमाची.

'बिग बॉस मराठी'बद्दल मात्र मी इतकी उदार होणार नाही. तिथे मोजायला सूरही नाही आणि उत्तरही नाही; माणूस कसा दिसला एवढेच आहे, आणि तो कसा दिसावा हे संकलनाच्या टेबलावर ठरते. 2024 च्या पाचव्या पर्वात सूरज चव्हाण जिंकला तेव्हा लोकांनी भरभरून मते दिली यावर माझा विश्वास आहे, पण ती मते त्यांनी पाहिलेल्या सूरजला होती. त्या घरातले इतर लोक दिवसाचे उरलेले तास काय करत होते, ते आपल्याला कधीच कळणार नाही.

तापीथडी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. आजोबांना हे सारे वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे आता असे आहे की कुस्ती खरी असेल, पण हलगीवाला विकत घेतलेला आहे. मला ते पटले. मुलीच्या वडिलांनी नेण्याचा निर्णय जवळजवळ घेतला आहे, त्यामुळे वकीलसाहेबांना विचारतो की करारावर सही करताना काय पाहावे आणि शाळेचे काय करावे.

वकीलसाहेब धुळे

सर, करार इंग्रजीत आणि लांबलचक असतो. तो आधी मागून घ्या, मुंबईत चित्रीकरणाच्या दिवशी हातात पडला तर वाचायला वेळ मिळणार नाही. तीन कलमे शोधा. पहिले, मुलीचे चित्रण कसेही संकलित करण्याचा अधिकार आणि त्याविरुद्ध दावा न करण्याची तुमची हमी; हे बहुतेक करारांत असतेच आणि ते काढून टाकायला कोणी तयार होत नाही, पण घर, कुटुंब आणि आर्थिक स्थिती यांविषयी खोटे चित्रण करणार नाही असे एक वाक्य लिहून मागायला हरकत नाही. दुसरे, स्पर्धा संपल्यावर किती काळ दुसरीकडे गाता येणार नाही आणि तिच्या कार्यक्रमांच्या मानधनातला वाटा कोणाकडे जाईल. याच कलमात मुले वर्षानुवर्षे अडकतात. तिसरे गोपनीयतेचे आहे. निकाल प्रक्षेपणापूर्वी फोडला तर भरपाई मागता येते, म्हणून गावात पेढे वाटण्याची घाई नको.

बालकामगार कायद्याखालील 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शिक्षणात खंड पडणार नाही याची व्यवस्था त्यानेच करायची असते. आणि तिच्या उत्पन्नाचा किमान 20 टक्के भाग तिच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो. परवानगीची प्रत मागा. मागितल्यावर समोरचा कसा उत्तर देतो, त्यावरून निम्मे कळते. बक्षिसाची रक्कम मिळालीच तर त्यावर 30 टक्के कर आधीच कापून येतो, तेव्हा पडद्यावर दिसणारा मोठा धनादेश बँकेत तेवढाच जमा होत नाही.

केळीचा घड

माझे मत बदललेले नाही, परंतु मुलगी आली तर मत टाकीन, हेही लिहून ठेवतो.

अंजनीकाठ

सर, शेवटी दोन कामाच्या गोष्टी. मुंबईच्या फेरीत क्रिएटिव्हवाले मुलीला गाण्याआधी बराच वेळ गप्पांत गुंतवतील. घरी कोण कोण आहे, कशाचे दुःख आहे, कधी रडलीस, असे विचारतील. तिथे आई-वडिलांना सहसा बाहेर बसवतात. एक पालक आत बसेल असा आग्रह धरा आणि जे घडलेले नाही ते सांगायचे नाही एवढे मुलीला आधीच समजावून ठेवा, कारण त्या दहा मिनिटांतले एक वाक्य पुढचे सगळे भाग तिच्या नावाला चिकटून राहते. गाणी निवडताना पहिल्या ओळीतच गळा दिसेल असे घ्या. लांब आलाप असलेले गाणे नको. आलाप संकलनात कापला जातो. आणि बहिणाबाईंची एखादी ओवी तयार ठेवा. तुम्ही जळगाव जिल्ह्यातून आला आहात हे कळताच ते मागणारच आहेत, तेव्हा ती घाईने पाठ केलेली वाटू नये.